पान चौदा

ओस्ला दर मंगळवारी फोन करते, सव्वाचारला.
पंधरा मिनिटं. उपदेश करायचा नाही, हा तिचा नियम.
एवढंच विचारते, कुठल्या पानावर आलास, लॉवरी?

चौदाव्या. तीन आठवडे चौदाव्याच.
तिथे दोन रकाने आहेत:
ज्याचं काही करता येईल,
ज्याचं काही करता येणार नाही.
पहिल्यात मी लर्विकहून सुटणाऱ्या बोटीची वेळ लिहिली,
अ‍ॅबरडीनच्या वॉर्डाचा नंबर,
ओकारीच्या पिशव्या, लोकरीची टोपी.
दुसऱ्यात फक्त कॉफीचा डाग.

पुस्तिका म्हणते, काळजीला वेळ नेमून द्या.
दिली. संध्याकाळचा अर्धा तास,
मेंढ्यांना चारा घालताना.
तेव्हा ती फिरकतही नाही.
येते पहाटे तीनला, वारा दार हलवतो तेव्हा,
आणि उशाशी ठाण मांडते.

काल रात्री लिहिलं एकदाचं. दुसऱ्या रकान्यात, पेन्सिलीनं:
मॉस. वय सहा. डावा कान फाटका.
एवढंच. पुढचं वाक्य हातून उतरेना.

आज तिला वाचून दाखवताना घसा बसला.
ती थांबली. तिच्याकडचं घड्याळ ऐकू येत होतं.
मग म्हणाली,
मॉस आणखी कुणाच्या हाकेला येतो?

शेजारच्या इंगाच्या.
कधी कधी माझ्याआधी तिच्याकडे पळतो, लबाड.

नाव खोडलं नाही. नुसता बाण काढला,
वाकडातिकडा, पहिल्या रकान्याकडे.
त्याच्या खाली अजून बरीच जागा आहे.

चार पस्तीस झाले.
तिनं फोन ठेवला नाही.
मीही.