निळवं, कोळवं

शिवलीला नावाची पोरगी, गोकाककडची,
बेळगावच्या दवाखान्यात फॉर्म घेऊन बसते माझ्यासमोर.
दहा प्रश्न. प्रत्येकापुढं चार चौकोन:
इल्ला, स्वल्प, जास्ती, भाळ.
तिचं मराठी माझ्या कानडीएवढंच,
बाजारात खपेल इतकं.

पहिलाच प्रश्न: अक्का, ऑपरेशन झाल्यापासून
कन्नडी टाळता काय तुम्ही?
टाळीन कशाला बाई, म्हटलं,
तीस वर्षं धान्य विकते खानापुरात,
कित्तूरचे येतात, पारिश्वाडचे येतात,
अक्की, जोळ, सासवी, सगळं बोलते मी.
ती हसली नाही. पर्समधून
पावडरच्या डबीचा आरसा काढला,
माझ्यापुढं धरला:
हे. कन्नडी.

त्यात माझा कपाळाएवढाच तुकडा मावला.
एवढं बघते, म्हटलं. कुंकवापुरतं.
तिचं पेन चौकोनांवर फिरत राहिलं,
कुठं टेकावं कळेना.

माझी मापं आण, पोरी.
निळवं, कोळवं, चिपटं, मापटं,
सासऱ्याच्या वेळची, बुडं झिजलेली.
आणि नीट विचार: लाज सपाट, की शिगेची?
सपाट म्हणजे वरून हात फिरवलेली.
सकाळी सपाट असते.
जाऊ न्हाणीच्या दारात टॉवेल घेऊन उभी राहते
तेव्हा सांडते.

बाकी मोकळी जागा किती, ते मला नेमकं ठाऊक आहे.
एक चिपटं आणि वर निळवं, मोहरीचं.
खणाची पिशवी, तिहेरी शिवण.
नर्सनं दिलेला कापूस दुपारपर्यंत
गळ्याशी चढून बसायचा.
मोहरी जागा सोडत नाही.

एकदाच उसवली, भर बाजारात.
ज्वारी ओतायला वाकले तशी
पदराआडून काळे दाणे टिपटिप
गिऱ्हाइकाच्या पायलीत.
पारिश्वाडची म्हातारी. तिनं दोन दाणे उचलले,
दाताखाली फोडले,
सासवी चलो अदाव, म्हणाली,
आणि भाव विचारला.

नववा प्रश्न नवऱ्याचा.
शिवलीला खाली बघून वाचते, भराभर.
दिवा आधी कोण मालवतं
ते फॉर्मात नाही.
पुढचा विचार, म्हटलं.

शेवटी बेरीज करून तिनं कोपऱ्यात आकडा लिहिला.
किती भरली? म्हटलं.
सांगायची नसते अक्का.
वजन करून आकडा सांगत नाही
असा दुकानदार मी पहिल्यांदाच बघितला.

आमच्यात धान्य मोजताना एक म्हणत नाहीत.
पहिलं माप ओतताना म्हणतात, लाभ.
मग दोन, मग तीन.

काल रात्री आतून कडी लावली.
पिशवी काढून खुंटीला अडकवली.
कपाटाच्या आरशापुढं उभी राहिले, दिवा चालूच.
सवयीनं उजव्या बाजूला बोट ठेवलं:
लाभ.
डावीकडं टाक्यांची ओळ,
दाभणानं पोतं शिवावं तशी, घाईची.
तोंडात पुढचा आकडा आला नाही.
बोट तिथंच राहिलं, बरंच वेळ,
कातडी थंड होती, माझीच होती.
मग पहिल्यापासून मोजलं.
लाभ.

मोहरी दमट झालीय घामानं.
उद्या उन्हात घालायला हवी.