मोडायचं यंत्र

बावीस वर्षं मी मोडतोय.
तंत्रनिकेतनाच्या मागच्या खोलीत,
जिथं कूलर यंत्रापेक्षा जास्त ओरडतो,
सळई, फरशी, सागाची पट्टी,
पोरांच्या प्रकल्पांतलं काय काय
दोन आधारांवर ठेवायचं, मधोमध दाबायचं,
काटा थांबला तो आकडा वहीत,
तुकडे पत्र्याच्या डब्यात.

पायल मडावी आली तेव्हा होळी होऊन गेली होती.
पोत्यात नागफणी, हातात चिमटा.
म्हणाली, सर, याचे धागे काढून राळेत बसवायचे,
काचेच्या धाग्यांऐवजी.
म्हटलं, सर नको म्हणू, मी अटेंडंट आहे.
आणि हे तर आमच्या बोरखेडीच्या ई-क्लासात माजलंय,
बकरीसुद्धा वळसा घालून जाते.
पोतं उतरवताना एक काटा अंगठ्यात गेला.
दिसत नाही. लिहिताना पेन दाबलं की
आहे म्हणतो.

टाकीत फडे भिजवले. एकोणीस दिवस.
वास असा, की प्राचार्यांची खुर्ची
दुसऱ्या खोलीत गेली.
गर सडला, धागे उरले.
पायलनं ते सोड्यात धुतले, विंचरले,
शाळेच्या फोटोच्या दिवशी विंचरतात तसे, सरळ,
साच्यात मांडले, राळ ओतली, वर विटा.

पहिली पट्टी बिस्किटासारखी गेली.
दुसरी. पाचवी. अकरावीही.
धागे सुळकन बाहेर, राळ एकीकडे,
जसे कधी भेटलेच नव्हते.
पायल आकडा लिहायची, खाली रेघ मारायची.
रेघ पुढच्या पानावर उमटायची.

बुरडपुऱ्यातली पंचफुलाबाई
सुपाचे पैसे मागायला आली होती माझ्याकडे.
विंचरलेले धागे बोटावर घेतले तिनं,
हुंगले, ओढले, खाली ठेवले.
"काऊन वं पोरी,
इणलेलं उसवून राह्यली?"

मग आम्हां दोघांना धुऱ्यावर नेलं,
भर बाराच्या उन्हात.
पायानंच उलटवला एक जुना फडा,
दोन उन्हाळे खाऊन पडलेला.
झटकला. धूळ गेली,
साल गेली,
आणि हातात जाळी राहिली.
एकीखाली एक, तिच्याखाली अजून एक,
वरच्या भोकाखाली भोक नाही, धागा.
"इतकी बारीक पाटी मले नाही जमत.
ह्यानं फुकट इणून ठेवली,
आन तू थे इचरते."

सात जाळ्या, आडव्या-उभ्या, राळेत.
पट्टी क्रमांक बारा.
मी दाबलं.
काच मोडते तेव्हा एकदाच बोलते.
ही कुरकुरली, वाकली, पुन्हा कुरकुरली,
पोटाखालून तडा गेला
तरी दोन्ही बाजू एकमेकींना धरून.
तेव्हाच थांबायला हवं होतं मी.
थांबलो नाही.
काटा कुठं गेला ते सांगत नाही,
तो आकडा पायलचा आहे.
खाली रेघ नव्हती, एवढं मी पाहिलं.

अर्धी पट्टी पंचफुलाबाईनं बादलीत बुडवली,
सुतळीला गाठ मारून जाडी मोजली.
चौथ्या दिवशी गाठ बसेना.
"पाणी पेते थे. सांगजो तुया सायबाले."
पायलचा चेहरा पडला,
मग एकदम हसायला लागली.
"निवडुंगच तो, मावशी. पिणारच."
आता कडांना काय लावावं यावर
दोघींचं भांडण चालू आहे.
एक बिब्ब्याचं तेल म्हणते,
दुसरी म्हणते हात भाजतील,
आणि दोघी माझ्याकडे बघतात.
मला काय कळतं? मी मोडतो.

मोडलेलं पंचफुलाबाई घेऊन जाते.
तिच्या खुराड्याला तीन दारं झालीत,
एकाला पट्टी क्रमांक बाराचा तडा तसाच दिसतो.
पत्र्याचा डबा महिनाभर रिकामा आहे.
दुपारी त्यात
एक मांजर येऊन झोपतं.