मीठ

पहिल्या गोळीनं नोल्फा उठली, हे खरं.
सात महिन्यांनी केस विंचरले.
दुसऱ्या आठवड्यात मात्र उठली ती बसेचना:
रात्री तीनला शिडी लावून घर निळं रंगवलं,
मग शेजारणीचंही, न विचारता.
सगळ्या पगाराचे अकरा पिंजरे आणले.
पक्षी एकही नाही.
आईला वाटलं, पोर बरी झाली.

दुसरी गोळी: अंगभर पुरळ.
तिसरीनं ती सुजली आणि गप्प झाली,
टीव्ही बंद असला तरी समोर बसून राहायची.

चौथी पांढरी, खडूसारखी.
आंतोफागास्ताची डॉक्टरीण म्हणाली,
हे एक प्रकारचं मीठच, लिथियमचं.
मला हसू आलं.
बारा वर्षं मी सालारवरून
तेच खारं पाणी टँकरनं खाली आणतोय,
माझ्या बुटांवर वाळतं ते.

आता ठरल्या तारखेला रक्त द्यायचं.
कप उचलताना तिचा हात थरथरतो,
बशी वाजते.
कधी म्हणते, येर्को,
ती निळी रात्र काही परत यायची नाही.
मी काय बोलणार?

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
पहाटे पाळीवर निघताना
मी तिच्या दाराशी थांबून ऐकतो:

नोल्फा झोपलीय.