येण्याचे कारण

अंतूरच्या दुसऱ्या दरवाजात माझी खुर्ची.
एक पाय आखूड. खाली कपची दिली आहे,
तटातूनच गळून पडलेली.
मांडीवर नोंदवही, रकाने चार :
नाव, गाव, वेळ, येण्याचे कारण.
पानाखाली माझी सही. कडुबा, पहारेकरी.

कोणी येऊच नये म्हणून
एवढा डोंगर कापला त्यांनी;
आणि मी सकाळपासून
वाटेकडं डोळे लावून, कोणी येतंय का.

सोमवार कोरा.
मंगळवारी नागापूरची जैतुनबी. कारण : शेळी.
(शेळी आधीच बुरुजावर.
तिला विचारलं नाही.)
गुरुवारी कन्नडची पोरं. कारण : फोटो.
जाताना खिशात सीताफळं,
ती वहीत नाहीत.

शनिवारी एक म्हातारा, धापा टाकत.
रावजी धोत्रे, पिशोर, साडेदहा.
चौथ्या रकान्यापाशी पेन धरून उभाच.
"मागनं लिहितो," म्हणाला
आणि खंदकात उतरला.

कातळावर छिन्नीचे घाव,
तिरपे, तासागणिक नांगरटीसारखे.
त्यावरनं बोटं फिरवत गेला
ऊन कलेपर्यंत.
एका जागी थांबला, मान हलवली,
एकटाच हसला :
"हा डावरा होता, बघ.
आन् इथं, इथं त्याची छिन्नी बोथटली.
मुकादमानं शिव्या दिल्या असतील."

वर येऊन लिहिलं :
काम बघायला.

निघताना वाकला,
खुर्चीखालची कपची काढली,
तळहातावर तोलली,
उलटी करून परत बसवली.

तेव्हापासून डुगडुगत नाही.