एकशे वीस तास

भिशीचा नंबर लागला त्या महिन्यात
मी फ्रिज घेतला नाही.
कर्वे रोडला, झेरॉक्सच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर
इंग्रजी शिकवायचं कसं, याचा कोर्स लावला.

तशी सतरा वर्षं शिकवतेच आहे. धनकवडीत.
पाचवी ब, सहावी ब.
पण बाणेरच्या शाळेतली बाई मुलाखतीत म्हणाली,
ग्रामर छान आहे हो तुमचं,
फक्त कानाला थोडं…
आणि बोटांच्या चिमटीत हवेतलं काहीतरी पकडून
तिनं सोडून दिलं.

पहिले चार तास माझ्या व वर गेले.
एवढ्याशा एका व मध्ये मी आजवर
वारा, विहीर, वरण, वैताग सगळं भागवलं होतं.
इथे दोन निघाले.
एकाला दात ओठावर टेकवायचे,
दुसऱ्याला ओठांचा चंबू.
रात्री बेसिनच्या आरशासमोर चंबू करून उभी,
तर नवरा ब्रश घेऊन दारात.
म्हणाला, कुणाला?

शेजारच्या खुर्चीत हनान. येमेनची.
तिच्या भाषेत प च नाही.
आठ वर्षं ती बुण्यात राहते, कोंढव्याला,
रविवारी बावभाजी खाते,
आणि तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा दुप्पट वेगानं धावतं.

शिकवायला ओवेन. आयर्लंडचा, पंचविशीतला,
पहिल्याच दिवशी म्हणाला, लंडनात मलाही
सगळं दोनदा बोलावं लागतं.
आम्ही हसलो. त्याला वाटलं, शिष्टाचार म्हणून.

एकदा हनाननं विचारलं,
सिन्स कुठे, फॉर कुठे?
त्यानं दाढी खाजवली. म्हणाला,
कानाला बरोबर वाटतं तिथे.
पुन्हा कान!

मी उठले. फळ्यावर एक खुंटी काढली.
खुंटीला बांधून आजपर्यंत ताणलेली दोरी काढली.
खुंटीला सिन्स म्हण, दोरीला फॉर.
हनाननं वहीत खुंटी काढली. मग ओवेननंही.
ही खुंटी कुठल्या कोर्सात नव्हती.
पाचवी ब मधल्या मंदाकिनी कापडणीसला
तीन दिवस काही केल्या कळेना,
तेव्हा चौथ्या दिवशी सापडली होती.

चहाच्या सुट्टीत ओवेन म्हणाला,
रिक्षावाल्यांना माझं टिळक रोड कळत नाही.
जीभ मागे वळव, टाळूला लाव, सोड.
ल.
पुन्हा. ल.
कान लाल होईपर्यंत ल.
मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.
मग त्याची वळायला न तयार असलेली जीभ पाहून
माझ्याच वर्गातलं कुणीतरी आठवलं
आणि मी त्याला बिस्किट दिलं.

सर्टिफिकेटला सोनेरी शिक्का आहे.
भिंताडेचं भिंटाडे झालंय. असू दे.
बाणेरच्या बाई या वेळी म्हणाल्या,
वा, केवढा फरक पडला!
मी अर्धा तास मुद्दाम एकाच व वर काढला होता.
कळवतो म्हणाल्या.
अजून कळवायचंय.

वाया गेले म्हणू का पैसे?
फ्रिज आला असता, हे खरं.
पण बाराव्या दिवशी ओवेननं एक गोष्ट सांगितली,
प्रश्न विचारलास की लगेच उत्तर देऊ नकोस.
मनात सातपर्यंत मोज.
सतरा वर्षं मी दोनवरच बोलत होते.

आज पाचवी ब. इरफान शिकलगार उभा.
त्याच्या वहीत, बुक इज ऑन टेबल.
कुठलं बुक, कुठलं टेबल,
आमच्या घरात हे सांगावं लागत नाही,
ज्याला हवं त्याला माहीत असतं.
विचारलं, इथे काय राहिलं?
आणि मोजायला लागले.
एक. दोन.
मागे कुणीतरी पेन्सिल पाडली.
तीन. चार.
इरफान छताकडे बघतोय.
पाच.
त्याचे दात जिभेवर टेकतायत.
सहा