डावीकडून चौथा

शनिवारी रात्री साडेनऊला
साखर पेठेत, कमटमच्या गोडाऊनमध्ये
फिल्म क्लबचा पडदा लागायचा.
पडदा म्हणजे चादरच, उलट्या बाजूनं टांगलेली,
म्हणून पॅरिसच्या आभाळात
फिकट मोर दिसायचे.

हब्बू सर आधी बोलायचे,
प्रकाशावर, सावलीवर, नियतीवर.
मग अंबादास मशीनला हात जोडायचा
आणि तेलुगूत एक शिवी हासडायचा.
त्याशिवाय ते सुरूच व्हायचं नाही.

त्या रात्रीचा चोर देखणा होता.
लांब कोट, कलती हॅट,
हातमोजे असे चढवायचा
जसं कुणी लग्नाला निघालंय.
त्याला पकडणारा साहेबही त्याच्यावर फिदा.
दोघं एकाच बारमध्ये
वेगवेगळ्या टेबलांवर एकच दारू प्यायचे.
सगळं गोडाऊन चोराच्या बाजूनं.
मीसुद्धा.
हातातली शेंग तशीच धरून पुटपुटलो,
सुटू दे बाबा याला.

मग ओळख परेड.
भिंतीला पाठ लावून सहा जण.
डावीकडून चौथा सावळा, कुरळ्या केसांचा,
अंगातलं जाकीट दुसऱ्याचं असावं असं.
बाई आली, सगळ्यांकडं बघितलं,
यातला कुणीच नाही म्हणाली.
पाच जण सिगारेटी शिलगावत पांगले.
चौथा उभाच राहिला.
त्याला कुणी जा म्हटलं नव्हतं.

कॅमेरा वळला.

सिनेमा संपल्यावर सरांकडचं छापील पान बघितलं.
चोराचं नाव, साहेबाचं, फुलवालीचं,
मांजर कुणाचं होतं तेही.
चौथ्याचं नाही.
सर म्हणाले, अरे, तो वातावरणनिर्मितीसाठी असतो.

वातावरण.

मी सेटलमेंटचा.
माझा आजा तारेच्या आत जन्मला.
आधी गुन्हा, मग बारसं.
दिवसातून तीनदा हजेरी,
रात्री दोनला शिट्टी झाली
की अंथरुणातनंच, हाय साहेब.
गावात कुठं कुलूप तुटलं
की गाडी आधी आमच्याकडं.
कुलूपसुद्धा आम्हाला ओळखायचं नाही,
पण गाडी ओळखायची.

बावन्न साली तार गेली.
तरी म्हातारा तिथून जाताना
पाय उचलून टाकायचा,
जमिनीपासून वीतभर वर,
नसलेल्या तारेवरून.

नंतरच्या शनिवारी मी हिरोकडं बघणंच सोडलं.
पडद्याच्या कडा बघायला लागलो.
बंदरावर बर्फ उचलणारे, क्लबात ढोल वाजवणारा,
एकदा तर नुसता हातच, काळा,
पांढरा टॉवेल पुढं करणारा;
टॉवेल घेणाऱ्याचा चेहरा मात्र तीन कोनांतून.
अंबादास म्हणायचा, काय बे, सिनेमा मधी असतोय,
तू कोपऱ्यात काय हुडकतो?
त्याचा बाप मागावर बसायचा.
मी म्हटलं, चादरीवर तुझ्या बापाचं नाव दाव बघू.
त्यानं चादरीचा कोपरा उलटून बघितला.
फक्त मिलचा शिक्का.

काही बोलला नाही.
पण तो चोराचा सिनेमा
पुन्हा मागवला, सरांना न विचारता,
आणि परत पाठवायच्या आदल्या रात्री
मला बोलावलं.
रीळ हातानं फिरवत, मोजत,
परेडपाशी थांबला.
चार सेकंद, शहाण्णव चौकटी.
दाढीचं पातं माझ्या हातात दिलं
आणि स्वतः दाराकडं तोंड करून उभा राहिला.

मी एक काढली. नखाएवढी.
त्यानं दोन्ही टोकं चिकटवली,
म्हणाला, कुणाच्या बापाला कळत नाही.

आमच्या घराण्यातली ही पहिली खरी चोरी.
हातमोजे नव्हते.

चौकट अजून आहे, चुन्याच्या डबीत.
बल्बसमोर धरली की तो तिथंच,
भिंतीला पाठ, परक्या जाकिटात,
कुणीतरी सांगेल म्हणून थांबलेला.

त्याची भाषा मला येत नाही.
मी आपला आपल्या भाषेत सांगतो,
झालं की ओ,
बसा आता.