हैमा ओलांडताना

नऊ वर्षांनी पुन्हा डावीकडे बसलोय.
दापोलीत बर्फाचा टेम्पो हाकून
अंगाला उलटं वळण लागलेलं.
आदमच्या पहिल्याच वळणावर
सिग्नल द्यायला गेलो, तर
कोरड्या काचेवर वायपर फिरले.

ऑफिसातल्या पोराने विचारलं होतं,
मधली वर्षं कुठे?
म्हटलं, घरी.
त्याने फॉर्मवर एक आडवी रेघ मारली.
बाबांची अडीच वर्षांची खाट,
सकीनाचं कॉलेज, हर्णैच्या जेटीवर
गिऱ्हाइकाआधी वितळलेल्या लाद्या,
सगळं मावलं तेवढ्यात.

आता क्लच नाही. डावा पाय
पाहुण्यासारखा अवघडून बसलाय.
गुडघा दुखतो, तो मात्र त्याचाच.

रस्ता दुहेरी झाला. गुलजमानच्या
चहाच्या खोपटाजागी झगझगीत पंप.
त्याचं नाव काढलं तर काउंटरवरचा म्हणाला,
कोण?
वाळवंट तेवढं ओळखीचं.
ते ओळख देत नाही, सोडा.

समोर कॅमेरा, माझ्या पापण्यांवर पाळत ठेवून.
पूर्वी गाडी जरा हलली की
मागच्या ट्रेलरमधून हसनमियां परकार
दोनदा दिवे मारायचा:
जागा आहेस ना रे?

मी डोळे मिटले, झोपेने नव्हे,
ते दिवे आरशात येतात का बघायला.
यंत्र लगेच किंचाळलं.

खरं सांगू, बरं वाटलं.

थुमरेत अजून तीनशे साठ.